नाव ठेवायचा मान

आमच्या आत्याबाईंइतकी नावं ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. असं म्हटलं की लोक लगेच मान डोलावतात आणि आपापल्या घरातली कुजकट म्हातारी आठवायला लागतात. थांबा, आधी माझं पूर्ण ऐकून घ्या. आत्याबाई नावं ठेवायच्या म्हणजे खरोखरच ठेवायच्या. म्हशीला, मिक्सरला, अंगणात येऊन उगाच ओरडणाऱ्या कावळ्याला. माझं शिलाई मशीन धडधड फार करायचं आणि टाके सोडायचं, तर त्याचं नाव त्यांनी 'मंत्री' ठेवलं होतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना विचारायच्या, "आज मंत्री काम करून राहिलाय का नुसतंच भाषण?" गिऱ्हाईक हसायचं आणि ब्लाउज उशिरा मिळाल्याचं विसरून जायचं.

त्या माझ्या सासऱ्यांची बहीण, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. राहायला शिरड शहापूरला, लेकाकडे. माझे सासू-सासरे मी या घरात येण्याआधीच गेलेले, त्यामुळे वडीलधारं माणूस म्हणून आम्हाला त्याच होत्या. अंगानं काटकुळ्या, आवाजानं खणखणीत, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यामुळे चष्मा कायम एका बाजूला कललेला असायचा आणि समोरच्याला वाटायचं की आपणच तिरपे उभे आहोत. मी कितीदा म्हटलं, नवीन काडी बसवून आणते. त्या म्हणायच्या, "राहू दे. सरळ दिसाया लागलं तर माझी करमणूक जाईल."

आमच्याकडे लेकराचं नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्यात घातलेल्या लेकराच्या कानात आधी आत्या नाव सांगणार, मग ते चारचौघांत जाहीर होणार. आत्याबाईंनी माझ्या नवऱ्याचं नाव ठेवलं, नणंदेचं ठेवलं, भावकीतल्या निम्म्या पोरांचं ठेवलं. पण त्यांच्या या मानाचा खरा उपयोग झाला तो आमच्या नव्या घराच्या वेळी. घर वाचलं ही त्यातली लहान गोष्ट. त्याहून मोठं काहीतरी वाचलं, ते सांगते.

आम्ही हिंगोलीत गावाच्या कडेला नव्या प्लॉटवर घर बांधलं. हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक, माझं शिलाईचं काम. घर बांधलं ते आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या नणंदेच्या, वंदनाताईंच्या नवऱ्यानं. ते वसमतचे, बांधकामाची कामं घेतात. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला, असं सगळेच म्हणाले आणि आम्हालाही ते पटलं. होळीच्या सुमाराला स्लॅब पडला आणि पावसाच्या तोंडाशी वास्तुशांत झाली. सगळीकडे रंगाचा वास, दारावर तोरण, पाहुणे खोलीखोलीतून फिरून "झकास झालंय" म्हणतायत, आणि मी नवीन साडीत मिरवतेय. काय तो दिवस होता. आत्याबाई वास्तुशांतीला म्हणून आल्या आणि माझं शिलाईचं काम तुंबलेलं बघून काज-बटणाला हात द्यायला राहिल्या.

मग पाऊस आला.

पहिल्यांदा कळलं ते न्हाणीघरात. बादली उपडी केली तर पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी डौलात वळण घेऊन उंबऱ्याबाहेर आलं आणि झोपायच्या खोलीत शिरलं. तिथं खाली ठेवलेली गिऱ्हाइकांची ब्लाउजपिसं भिजली. एकीचा लाल रंग दुसरीच्या पांढऱ्यावर उतरला. माझं डोकं असं काही फिरलं, विचारू नका. मी फोन उचलला आणि दाजींचा नंबर शोधायला लागले. काय काय बोलायचं ते सगळं तोंडात तयार होतं.

आत्याबाईंनी फोनवर हात ठेवला. "काय बोलणार हायेस?"

"हेच की उतार उलटा दिलाय. आंधळ्यानं फरशी बसवली का म्हणून विचारते."

"थांब जरा. तू सून हायेस. सुनेनं ठेवलं तर ते नाव ठेवणं, आन् आत्यानं ठेवलं तर ते बारसं." असं म्हणून त्या न्हाणीघराच्या दारात उकिडव्या बसल्या, कललेल्या चष्म्यातून त्या वाहत्या पाण्याकडे कौतुकानं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कशी वळण घेत चाललीय बघ. हिचं नाव कयाधू."

आमच्या गावच्या नदीचं नाव घरात असं वाहायला लागलं. मी रागात होते, पण हसू फुटलंच. आणि एकदा हसलं की राग पहिल्यासारखा तापत नाही, हा अनुभव आहे माझा.

तो फोन झाला असता तर काय झालं असतं, हे आत्याबाईंना माझ्याआधी कळलं होतं. दाजी माणूस चांगला, पण फार मानी. एकदा भावकीच्या एका लग्नात मानाचे टॉवेल-टोपी देताना त्यांचं नाव पुकारायचं राहून गेलं. चूक पुकारणाऱ्याची होती, पण दाजी ताठ झाले आणि आमच्याकडे यायचेच बंद झाले. ते येत नाहीत म्हटल्यावर ताईंनाही येता येईना. एक दिवाळी तशीच गेली. आई-वडील नाहीत, भाऊ एकच, आणि त्या भावाचं घर बंद. ताई फोनवर "बरी आहे" म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.  म्हणूनच ह्यांचं आपलं "दाजींना कसं सांगायचं," एवढं एकच वाक्य. घर गळलं तरी चालेल, पण ताईंचं माहेर तुटायला नको, असं त्यांच्या मनात होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

पाऊस वाढला तशी घरात बारशी वाढली. मागचं दार ओलीनं फुगलं आणि चौकटीत असं रुतून बसलं की दोघांनी खांदा लावल्याशिवाय उघडेना. त्याचं नाव 'हट्टेकर'. तो म्हणे वसमतजवळच्या हट्ट्याचा, गावाच्या नावाला जागणारा. गच्चीच्या जिन्यात एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच झाली होती. जो चढेल तो तिथं अडखळून वाकायचाच. ती पायरी म्हणजे 'साहेब'. "वाकल्याबिगर वर जाऊ देत न्हाई," आत्याबाई सांगायच्या. खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आणि रोज थोडी थोडी पुढं सरकायला लागली. तिचं नाव 'वसमत रोड'. सकाळी चहा घेताना आत्याबाई भिंतीजवळ जाऊन बघायच्या आणि हाळी द्यायच्या, "औंढ्यापर्यंत आली गं." मी विचारलं, वसमतला पोचल्यावर काय? त्या म्हणाल्या, "मंग काय, जावयाच्या दारात जाईल. आपल्याला सांगायचं कामच न्हाई."

शेवटी बैठकीच्या खोलीत, बरोबर मध्यावर, छताला एक ओला डाग धरला आणि त्यातून थेंब पडायला लागला. त्याची गंमत अशी की पाऊस चालू असताना तो गप्प असायचा. पाऊस उघडला, आपण सुटकेचा श्वास सोडला, की मग टप्. आत्याबाईंनी खाली कळशी ठेवली, हात जोडले आणि नाव ठेवलं 'अभिषेक'.

मला एकदा वाटलं, या बाईला कशाचं काही वाटत नाही का? आमचं नवं घर असं आतून रडतंय आणि हिला नावं सुचतायत. काज करत बसल्या होत्या तेव्हा मी विचारलंच, "तुम्हाला हा नावं ठेवायचा नाद कधी लागला?"

सुई थांबवून त्या म्हणाल्या, "माझं नाव काय, सांग बरं."

मला सांगता येईना. आम्ही सगळेच आत्याबाई म्हणायचो.

"माझं नाव चंद्रकला. माझ्या आत्यानं हौसेनं ठेवलं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आन् अंगठीनं नाव लिहिलं. मला वाचता येत नव्हतं. मला वाटलं, माझंच नाव लिहून राहिलेत. लई खूश झाले मी. मंग सासरी समदे 'लक्ष्मी, लक्ष्मी' करून हाका मारू लागले, आन् मी मागं वळून बघायचे, ही लक्ष्मी कोण आली म्हणून." एवढं बोलून त्या हसल्या. मला हसता आलं नाही. त्यांनी दोरा ओवला. "आता मला चंद्रकला म्हणणारं कुणी राह्यलं न्हाई. पण मी आत्या झाले. नाव ठेवायचा मान आता माझा हाये. तो मी कशाला सोडू?"

त्या वर्षी अधिक श्रावण होता. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून धोंड्याचं जेवण द्यायचं, वाण द्यायचं, ओवाळायचं. बोलावलं नाही तर अपमान, आणि बोलावलं तर घरातली सगळी बारशी उघडी. हे कासावीस झाले. म्हणाले, हॉटेलात जेवण ठेवू. आत्याबाईंनी कललेल्या चष्म्यातून त्यांच्याकडे असं पाहिलं की ते डेपोत निघून गेले. "धोंड्याचं जेवण घरातच. तू फोन लाव वंदीला," त्या मला म्हणाल्या.

ज्या दिवशी ते आले त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस. मी पुरण वाटतेय, धोंडे वळतेय, आणि मनात एकच धावा, पाऊस थांबू नको, जेवणं होईपर्यंत थांबू नको. थांबला तर अभिषेक सुरू होणार. मी आत्याबाईंना बजावलं होतं, पाट भिंतीशी मांडा. बाहेर येऊन बघते तर कळशी गायब आणि पाट बरोबर खोलीच्या मध्यावर. भोवती रांगोळी, शेजारी समई. मी जवळजवळ ओरडले, "आत्याबाई, तिथं नको."

"जावयाचा पाट मी मांडणार. तू पुरणाकडं बघ."

दाजी आणि ताई आले, हातपाय धुतले, पाटांवर बसले. ताईंनी मोरपंखी साडी नेसली होती आणि माहेरी आल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. मी पानं वाढली, धोंड्यावर तूप सोडलं. आणि बाहेर पाऊस उघडला. खिडकीतून ऊन आलं. मी तुपाची वाटी खाली ठेवली आणि छताकडे पाहिलं.

टप्. पहिला थेंब दाजींच्या टोपीवर पडला. त्यांनी मान वर केली, तर दुसरा कपाळावर. तिसरा नाकावरून ओघळला. ताईंचा चेहरा उतरला. ह्यांनी जमिनीकडे बघायला सुरुवात केली. मला वाटलं, संपलं. आता दाजी उठणार, ताईंना घेऊन जाणार, आणि या घराचा उंबरा त्यांना परत दिसणार नाही.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "आज तुमी नारायण हायत, जावईबापू. नारायणाला अभिषेक व्हायचाच."

दाजींनी कपाळ पुसलं. आवाज कोरडा होता. "हे कधीपासून गळून राहिलंय?"

"बारसं झालंय त्याचं. नाव अभिषेक. अजून भावंडंबी हायेत. तुमचीच लेकरं, बापू. मी आत्या, मी फक्त नावं ठेवली. सांभाळायची बापानं." आणि ते उठायला लागले तशा त्या म्हणाल्या, "बसा. आधी जेवा. पाटावरून उठू नये. जेवण झाल्यावर वळख करून देते."

पाट तेवढा सरकवला. दाजी खाली मान घालून जेवले. मी वाढत होते आणि त्यांच्या जबड्याकडे बघत होते. जेवण झाल्यावर आत्याबाईंनी त्यांना खरंच घरभर फिरवलं, जसं नव्या सुनेला भावकीत फिरवतात. "ही कयाधू, लई अवखळ. हे हट्टेकर, वढून बघा." दाजींनी ओढलं, दार हललं नाही. "हा वसमत रोड, तुमच्याकडंच निघालाय." दाजींनी भेगेवरून बोट फिरवलं. आम्ही तिघं मागून गुपचूप, वरातीत चालावं तसे. मग ते छत बघायला जिन्याकडे वळले आणि ताडताड वर चढायला लागले. मी ओरडणार तोच साहेबानं त्यांना धरलं. दाजी अडखळले, हात टेकून वाकले, आणि मागून आत्याबाईंचा आवाज आला, "झाला सायबाला सलाम."

दाजी त्याच पायरीवर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रागानं. पण ते हसत होते. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ताईंनी माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

हसणं ओसरल्यावर दाजी म्हणाले, "भेग, गळती, सगळं एकाच कारणानं झालं. स्लॅबला पाणी बराबर मिळालं न्हाई. स्लॅब टाकला आन् मी दुसऱ्या साइटला गेलो. वाटलं, तुमी पाणी माराल."

"मग सांगितलं का नाही?" हे पहिल्यांदाच बोलले. "मी रोज डेपोतून येताना बघत होतो. स्लॅब कोरडा ठणठणीत. मला वाटलं, तुमची माणसं येऊन मारत असतील. विचारलं तर तुम्हाला वाटेल, आमचा भरवसा नाही."

"आन् मी सासरच्या माणसाला काम सांगू व्हय? पाणी आणा, वर चढा, असं? जावयानं?"

 भर उन्हाळ्यात आमचा स्लॅब तहानलेला राहिला तो कुणाच्या आळशीपणानं नाही, तर मानापानानं. एक विचारत नव्हता आणि दुसरा सांगत नव्हता. आत्याबाईंनी पदरानं चष्मा पुसला. "शहाणेच हायेत दोघंबी," एवढंच म्हणाल्या.

पाऊस सरल्यावर दाजी माणसं घेऊन आले. गळती थांबावी म्हणून गच्चीवर सिमेंटचा नवीन कोबा केला, न्हाणीघराची फरशी उखडून उतार नीट दिला, दार तासलं, भेग खोदून भरली. उतार आणि पायरीची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली, कुणी न म्हणता. एकेक काम झालं की आत्याबाई जाहीर करायच्या, "गेली बाई कयाधू नांदायला." आणि कोबा झाल्यावर दाजींनी ह्यांना चक्क हुकूम सोडला, "सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. मी फोन करून विचारणार." हे इतके खूश झाले की डेपोतून आल्यावर चहासुद्धा न घेता पाइप घेऊन गच्चीवर. फोन यायचाच. पाण्याचं विचारून झालं की मग दोघं अर्धा तास बोलत बसायचे. ताईंचं येणं तर इतकं वाढलं की त्यांची एक साडी कायम आमच्या दोरीवर असायची.

हळदीची काढणी आली तेव्हा आत्याबाई शिरडला गेल्या. "काढणी झाली का येते," म्हणाल्या आणि जाताना मंत्र्याला तेल घातलं. त्या आल्या नाहीत. शेतातून घरी आल्या, सुनेला पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा चष्मा कोनाड्यात होता, तसाच दोरा बांधलेला. तिथं जमलेले लोक 'लक्ष्मीबाई गेल्या' म्हणत होते. मला क्षणभर कळेना, कोण लक्ष्मीबाई.

यंदा आम्ही वर एक खोली काढली, माझ्या शिलाईसाठी. दाजींनीच बांधली. पाण्याचा फोन रोज दोन्ही वेळा. खोली पुरी झाली त्या दिवशी आम्ही चौघं बघायला वर गेलो. सगळे एकच गोष्ट शोधत होते. ह्यांनी दार उघडलं, लावलं, गपकन लागलं. मी फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, ते शहाण्यासारखं कोपऱ्यातल्या नळीकडे गेलं. ताई भिंतींवरून हात फिरवत गेल्या. भेग नाही, फुगवटा नाही, काही नाही. दाजी मधे उभे होते. एवढं चोख काम केलेल्या माणसाचं तोंड इतकं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "नाव ठेवायला काहीच न्हाई का ओ?"

तेवढ्यात ताई दाराजवळ थांबल्या. "हे बघा," म्हणाल्या. दिव्याच्या बटणाचा बोर्ड. एका बाजूला जरासा कललेला, अगदी जरासा. काय सांगू, आम्ही सगळे त्या बोर्डाकडे अक्षरशः धावलो. ह्यांनी मान तिरपी करून बघितलं, मी बघितलं. चौघांनाही एकच चष्मा आठवला, आणि चौघांपैकी कुणालाही ते बोलून दाखवावं लागलं नाही. दाजींनी सवयीनं खिशातून पेचकस काढला होता. तो हळूच परत ठेवला.

"ताई," मी म्हटलं, "आता या घराच्या आत्या तुम्ही. मान तुमचा."

आत्याबाईंची ती तांदळातली गोष्ट मी त्यांना सांगितलेली होती. ताईंनी डोक्यावरून पदर घेतला, बोर्डाजवळ तोंड नेलं आणि लेकराच्या कानात सांगावं तसं सांगितलं. मग आमच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "चंद्रकला."

आता रोज संध्याकाळी मी मंत्र्यावर वाकून शिवत असते, उजेड कमी होतो, सुईत दोरा ओवता येत नाही. खालून हे हाक मारतात, "अगं, अंधार पडला, चंद्रकला लाव." मी उठते आणि लावते.